सलंग वाहेपर्यंत

शामकलाच्या मनात आपल्या धाकट्या जावेविषयी वाईट काही नव्हतं. सोमवारी तर नव्हतंच, कारण सोमवारी तिचा महादेवाचा उपास असे, आणि उपाशी पोटी कोणाचा हेवा केला तर उपास अंगी लागत नाही, असं तिच्या आईने सांगून ठेवलं होतं. गुरुवारी दत्ताचा उपास. शनिवारी मारुतीला तेल. त्यात एकादशी, चतुर्थी, प्रदोष आले की आठवडा कसा सोवळ्यात निघून जाई. जो काही हेवा करायचा तो उरलेल्या दिवसांत उरकावा लागे, आणि बहुधा म्हणूनच तो जरा घट्ट होई.

हेव्याचं कारण रोज सकाळी ओसरीवर बसलेलं असे.

गोंदियाला लागून कुडव्यात त्यांचं घर. खाली शामकला, तिचा नवरा ओमेश आणि मुलगा हिमांशु. वर धाकटा दीर दुर्गाप्रसाद, त्याची बायको डिंपल आणि त्यांचा शुभम. सासूबाई अनुसयाबाई दोन्हीकडच्या. जेवायला खाली, झोपायला वर. पण सकाळी आंघोळ आटोपून त्या ओसरीवर पाय पसरून बसल्या की एकट्या शुभमच्या होऊन जात. याला कारण शुभमचे केस. मुलगा दुसरीत आणि केस कमरेपर्यंत. अनुसयाबाई त्याला मांडीवर घेत, वाटीतलं कोमट खोबरेल बोटांनी मुळाशी जिरवत, वेणी घालत, वेणीचा अंबाडा बांधत. हात चालू असले की तोंडही चालू. गावच्या तळ्याच्या, जंगलातल्या अस्वलाच्या, आजोबाने अस्वलाला दिलेल्या शिव्यांच्या गोष्टी. हिमांशुही दुसरीतच. तो पाठीला दप्तर लावून खांबाला टेकून त्या गोष्टी उभ्याने ऐके. त्याचे केस वेळच्या वेळी न्हाव्याकडे जाऊन येत, त्यामुळे मांडीवर जाण्याचं त्याच्यापाशी काही कारणच उरत नसे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शामकलाला नेमका तो खांब दिसे. तव्यावरची पोळी करपे. तिला दुसरं काही नको होतं. त्या मांडीवर आपल्या पोरालाही बसायला मिळावं, एवढंच हवं होतं. पण मांडी मागून मिळत नाही, आणि सासूपाशी तर नाहीच नाही.

शुभमचे केस नवसाचे होते. डिंपलचं बाळंतपण अडलं तेव्हा अनुसयाबाईंनी गावच्या देवीला हात जोडले होते. गाव अर्जुनीकडे. तिथलं तळं या घराण्याच्या वाडवडिलांनी बांधलेलं. तळ्याच्या बांधाला तिकडे पार म्हणतात, त्या पारावर देवी बसलेली, आणि म्हणून या घरातले नवस तारखेला बांधलेले नसत, पाण्याला बांधलेले असत. तळं काठोकाठ भरलं की जास्तीचं पाणी एका दगडी वाटेने बाहेर सांडतं. त्या वाटेला सलंग म्हणायचं. ‘लेकरू सुखरूप येऊ दे माय, ज्या साली सलंग वाहील त्या साली तुझ्या पारावर त्याचं जाऊळ काढीन,’ असं अनुसयाबाई बोलून बसल्या. पूर्वी हे सोपं होतं. सलंग दर श्रावणात वाहायची आणि पोरं वर्षाच्या आत बोडकी होऊन घरी यायची. पण शुभमचा जन्म झाला तेव्हापासून तळं काही भरेना. पाऊस पडे, पाणी चढे, आणि सलंगेला शिवायच्या आधीच कुठेतरी निघून जाई. देवीला घाई नव्हती. केस वाढत राहिले.

शाळेत मुलांनी केस कॉलरच्या वर ठेवावेत असा कडक नियम. शुभमला मात्र नवसाची सूट. पांढऱ्या रुमालात अंबाडा बांधून तो प्रार्थनेला उभा राही तेव्हा नव्या बाई त्याला आधी नाव विचारत. आणि तान्हा पोळा आला की विचारू नका. त्या दिवशी शाळेत पोरं लाकडी नंदीबैल ओढत, नटूनथटून येतात. शुभम दर साली कृष्ण. मोकळे सोडलेले केस, त्यात मोरपीस, ओठाला बासरी. पहिलं बक्षीस ठरलेलं. हिमांशु दर साली शेतकरी. धोतर, डोक्याला फडकं, आणि फडक्याखाली काय आहे हे पाहायची कोणाला गरजच पडत नसे. त्याला उत्तेजनार्थ.

यावर डिंपल काय म्हणे? डिंपल म्हणे, ‘दीदी, मैं तो परेशान हो गई. दर रविवारी धुवायले इतका वेळ, सुकवायले इतका वेळ. तुमचं बरं आहे बाई, हिमांशुचं डोकं टॉवेलने पुसलं की झालं.’

भरल्या घरच्या बाईने दागिन्यांचं ओझं होतं म्हणून रडावं, तसं शामकलाला ते ऐकू येई.

गेल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला शुभमचा फोटो शाळेच्या ग्रुपवर आला आणि हिमांशुचा नंदी तेवढा त्या फोटोच्या कोपऱ्यात आला. दुसऱ्या दिवशी शामकलाला एक गोष्ट आठवली. हिमांशु लहान असताना त्याला मोठा ताप आला होता. दवाखान्यात नेताना ऑटोमध्ये तिने पारावरच्या मायला हात जोडले होते, हे खरं. ‘माय, माझ्या लेकराले बरं कर,’ हेही ती बोलली होती, खरं. त्यापुढे ती केसांबद्दल काही बोलली होती की नाही, हे इतकी वर्षं नीट आठवत नव्हतं. ते आता आठवलं.

देवाधर्माच्या बाईने खोटं बोलू नये. पण विसरलेलं आठवलं तर ते लपवूनही ठेवू नये. शामकलाने प्रदोषाचा दिवस टाळून सासूपुढे विषय काढला.

‘तू कधी बोलली?’ अनुसयाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

‘त्याले ताप होता तेव्हा. मनातल्या मनात.’

‘मनातल्या मनात बोललेला नवस मनातल्या मनात फेडत नाही काय?’

‘देवीनं तर ऐकलं ना, आई.’

अनुसयाबाईंनी सुपारीचं खांड या गालातून त्या गालात नेलं. ‘ऐकलं असन तर पाळा लागते. आजपासून त्याच्या केसाले कैची नको लागू देऊ.’

शामकलाचा जीव हरखला. ‘मग आई, सकाळी तुम्ही शुभमले तेल लावता तेव्हा त्याचंबी…’

‘नाही व. ज्यानं नवस बोलला त्यानंच तेल लावा. तसा रिवाज आहे.’

असा काही रिवाज शामकलाने या घरात येऊन कधी ऐकला नव्हता. पण नवस आता लागू झालेला होता आणि परत घ्यायची सोय नव्हती. मन जरा खात होतं म्हणून तिने एक शुक्रवार जास्तीचा धरला. म्हणजे हेव्याला आणखी एक दिवस कमी झाला.

केसांचंही एक दैव असतं. शुभमचे केस रेशमी, खाली पडणारे. हिमांशुचे बापावर गेलेले, म्हणजे उभे वाढणारे. दिवाळीला ते कानांवर आले, संक्रांतीला डोळ्यांवर, आणि उन्हाळ्यात डोकं असं दिसायला लागलं की धानाचा पेंढा वाऱ्याने विस्कटला आहे. शेजारच्या सुशीलाबाई रोज फाटकावरून विचारत, ‘काऊन व शामकला, पोराचे केस काऊन नाही कापून राहिली? न्हावी मेला का?’ नवसाचं सांगितलं की म्हणत, ‘असं होय का. शुभमसारखा.’ त्या ‘सारखा’ शब्दात शामकलाला जे टोचे ते वैद्याला दाखवता येण्यासारखं नव्हतं.

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिका बदललेल्या होत्या. रीता मॅडम नागपूरहून आलेल्या, इस्त्रीच्या साडीतल्या, नियमाच्या बाई. पहिल्याच आठवड्यात हिमांशुच्या डायरीत आलं: केस कापून पाठवणे. दुसऱ्या आठवड्यात: पालकांनी भेटावे. शामकलाने चतुर्थीचा उपास सोडला नाही आणि भेटायला गेली. सोबत ओमेश होता. त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान. हाताचं ग्रीस घासून आला होता तरी खुर्चीला हात न लावता बसला.

मॅडमनी प्रवेशाच्या वेळचा फोटो पुढे सरकवला. त्यात हिमांशुचं डोकं सोललेल्या नारळासारखं. ‘हे बघा. प्रवेशाच्या वेळी नवस नव्हता. शुभमचा होता, त्याची नोंद आहे. आता मध्येच कसा सुरू झाला?’

‘आधीचाच होता जी,’ शामकला हळू आवाजात म्हणाली. ‘आठवला मागून.’

‘सत्राच्या मध्ये असं चालत नाही.’

‘मॅडम,’ ओमेश म्हणाला, ‘देवीले तुमचं सत्र मालूम नाही राहत.’

‘तुम्हाला मालूम आहे ना?’ मॅडमनी विचारलं. ओमेशने हात आणखी मांडीखाली घेतले. ‘बरं, किती दिवस ठेवणार आहात?’

‘सलंग वाहेपर्यंत.’

‘ती कधी वाहते?’

‘भरलं का वाहते.’

‘काय भरलं का?’

‘तळं.’

मॅडमचं पेन थांबलं. त्यांच्या सगळ्या नोकरीत केसांचा आणि तळ्याचा संबंध कोणी लावला नसावा. पण नियमाची बाई गोंधळली तरी नियमाबाहेर जात नाही. त्यांनी तिथल्या तिथे एक नियम तयार केला. ‘ज्यांचं तळं आहे त्यांच्याकडून लेखी आणा की ते अजून भरलेलं नाही. तोवर मी सूट देते. ज्या दिवशी भरेल त्या दिवशी दोघांचेही केस कापायचे. शुभमचेसुद्धा. मान्य?’

‘मान्य,’ शामकला म्हणाली. ‘दोघांचे’ हा शब्द तिला इतका गोड लागला की बाकीचं वाक्य तिने ऐकलंच नाही. एका दमात, एका माणसाच्या तोंडून, हिमांशु आणि शुभम बरोबरीने आले होते.

मॅडमनी उठता उठता आणखी एक सांगितलं. तोवर केस मोकळे चालणार नाहीत. बांधून पाठवा.

इथे खरी पंचाईत. शुभमच्या केसांचा अंबाडा होई. हिमांशुचे केस कापलेले म्हणावेत तर फार लांब, बांधावेत तर फार तोकडे. पाणी लावलं, तेल लावलं, डिंपलचे चिमटे मागून आणले. ते मागणं सोपं गेलं नाही. एकही चिमटा त्या केसात दुपारपर्यंत टिकला नाही. शेवटी सुशीलाबाईंच्या सल्ल्याने डोक्याच्या दोन बाजूंना रबर लावून दोन शेंड्या बांधल्या. त्या खाली पडायच्या ऐवजी वर उभ्या राहिल्या. पोराला शाळेत पाठवलं तेव्हा शामकलाला त्या शिंगांसारख्या दिसल्या नाहीत. आईला नसतात दिसत. वर्गातल्या पोरांना दिसल्या.

आता लेखी आणायचं. सल्ल्याला कमी नव्हती. सुशीलाबाई म्हणाल्या, ‘कायच्या भानगडीत पडते, डॉक्टरचा कागद आण का डोक्याले गळवं झाले म्हणून.’ शामकलाने कानाला हात लावला. पोराच्या डोक्याला गळवं व्हावीत असं कागदावरसुद्धा तिला लिहवेना. ओमेश म्हणाला, सरळ केस कापू, देवीला मी समजावतो. हा माणूस देवीला समजावणार, ज्याला पंपाचं गिऱ्हाईक समजावता येत नाही. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणारे ईश्वरदास काका मदतीला आले. काका तहसिलीतून बाबू म्हणून निवृत्त झालेले. अर्ज लिहायला मिळाला नाही तर त्यांना जेवण जात नसे, असं काकूच सांगत.

‘विषय काय?’ काकांनी चष्मा चढवला.

‘तळं भरलं नाही, याचा दाखला पाहिजे.’

‘तलाव न भरल्याबाबत,’ काकांनी लिहिलं आणि मग पान भरून लिहीत गेले. सदर तलाव गेल्या अनेक वर्षांपासून पूर्ण क्षमतेने भरत नसून, त्यामुळे अर्जदार व तिच्या कुटुंबीयांस शैक्षणिक व धार्मिक अडचण निर्माण झालेली असून… शेवटी त्यांच्या हाताने, नोकरीच्या सगळ्या वर्षांत ज्या ओळीने प्रत्येक अर्ज संपवला होता, ती ओळ आपोआप लिहिली: तरी सदर प्रकरणी तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. खाली प्रती कोणाकोणाला पाठवायच्या त्यांची नावं टाकली. ती अर्जापेक्षा लांब झाली.

‘काका, कार्यवाही कायले? मले दाखलाच पाहिजे.’

‘तसंच लिहायचं राहते बाई. त्याच्याशिवाय अर्ज बोडका दिसते.’

अर्ज घेऊन ती आणि ओमेश ज्या कार्यालयात गेले त्यांनी सांगितलं, हे जुन्या मालगुजारीतलं, जमीनदारांच्या काळातलं तळं, ते आमच्याकडे नाही. ज्या कार्यालयाकडे होतं तिथले बाबू भले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. ‘बाई, तळं भरलं नाही याचा दाखला आम्ही देत नाही. भरून फुटलं तर पंचनामा करून देतो.’

‘फुटू कायले द्यायचं जी?’

‘तेच म्हणतो. अर्ज ठेवून जा. पोच देतो.’

पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर निळा शिक्का. रीता मॅडमना शिक्का आवडला. ‘अर्जावर निर्णय होईपर्यंत’ म्हणून त्यांनी हिमांशुला सूट दिली. शामकलाने घरी येऊन देवापुढे साखर ठेवली आणि अगदी सहज, काही विशेष नाही अशा आवाजात, जिन्यात डिंपलला सांगितलं.

‘अच्छा?’ डिंपल म्हणाली. ‘शुभमले तर असंच मिळालं होतं दीदी, बिना शिक्क्याचं.’

ती साखर शामकलाला नंतर कडू लागली.

बुधवारी हिमांशु शाळेतून आला तो दप्तर न काढता पलंगाखाली जाऊन बसला. पोरांनी त्याला तान्ह्या पोळ्याचा बैल म्हटलं होतं. एकाने शिंगांना दोरी बांधून पाहिली होती. शुभमने त्या पोराला मारलं म्हणून शुभमला शिक्षा झाली, हेही हिमांशुने रडत रडत सांगितलं. शामकला पलंगाशेजारी फरशीवर बसून राहिली. उपास नसूनही त्या दिवशी तिला कोणाचा हेवा करवला नाही. पण केस कापते म्हणावं तर नवस. आणि नवस नव्हता म्हणावं तर सासू. ‘थोडे दिवस, बेटा,’ ती पलंगाखाली वाकून म्हणाली. ‘कृष्ण व्हायचं ना या वर्षी?’

‘मले नाही व्हायचं,’ पलंग म्हणाला.

अशात एका दुपारी गावाहून दुधरामचा फोन आला. दुधराम हा ओमेशचा चुलतभाऊ, शेती सांभाळून पारावरच्या देवीचीही दिवाबत्ती पाहणारा.

‘वहिनी, तुम्ही अर्ज देला होता का तळ्याचा? साहेब येऊन गेले इथं.’

‘कायले?’

‘तळं काऊन भरत नाही म्हणून पाहाले. आता पाहा, तुडुमाचा दगड सरकला होता. शेतात पाणी सोडायचं ते तोंड बंद असूनबी पाणी रोज खालून निघून जाऊन राहिलं होतं. गावातल्या सगळ्याइले मालूम होतं, पण जो तो म्हणे दुसऱ्यानं अर्ज देला असन. दोन दिवसांत मातीचे पोते टाकून बुजवलं त्याइनं. गाव तुमचं नाव घेऊन राहिलं वहिनी.’

शामकलाने फोन ठेवला आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. तळं भरत नाही याचा दाखला मागितला होता. सरकारने तळं भरायची सोय केली होती. योग्य ती कार्यवाही झाली होती.

मग पाऊस लागला. असा पाऊस की शेजारच्या मुर्री गावाकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये बांध दिसेनात. शेजारच्या बाया महादेवाला म्हणत, पडू दे बाबा, धान हाती लागू दे. शामकलाला तेवढं म्हणता येईना, आणि पडू नको म्हणणं तर मोठं पाप. माहेरीही रोवणी झालेली होती. सोमवारी उपाशी पोटी पिंडीवर बेल वाहताना तिने शेवटी मधला मार्ग काढला: ‘पडू दे देवा, पण दमादमानं.’ दर दोन दिवसांनी ती दुधरामला फोन लावी. पाणी कुठवर आलं? दुधराम हरखून सांगे, पारावरच्या चिंचेच्या मुळाला लागलं. मग, धुणं धुवायच्या दगडावर चढलं. त्याला वाटे वहिनीला गावची केवढी काळजी.

इकडे तिने गोंदियाच्या बाजारातून कृष्णाचा पोशाख भाड्याने ठरवून ठेवला. पिवळं धोतर, शेला, खोटे मोती. तान्हा पोळा आठवड्यावर आला होता आणि मोरपीस डब्यात तयार होतं. हिमांशुचे केस त्या मोरपिसाला पेलतील की नाही हे तिने तो झोपलेला असताना एकदा खोचून पाहिलं. पेललं. झोपेत तिला तो शुभमपेक्षा थोडा, अगदी थोडा, उजवा दिसला.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. तो अनुसयाबाईंनी उचलला. ऐकता ऐकता त्या उभ्या राहिल्या. एरवी उठताना त्यांना भिंत लागे.

‘सलंग वाहून राहिली,’ त्या म्हणाल्या. ‘इतक्या वर्षांनी माय पावली. सोमवारी चला सगळे. दोन्ही लेकरं घ्या.’

शामकला म्हणाली, ‘तान्हा पोळा झाल्यावर गेलं तर…’

‘पाणी थांबते काय तुझ्या पोळ्याकरता?’

डिंपल जिन्यात होती. तिने ऐकलं आणि पायरीवर बसली. शामकलाला वाटलं रडते आहे. ती हसत होती, अगदी पदर तोंडात कोंबून. ‘दीदी,’ ती म्हणाली, ‘आता मी रविवारी उशिरापर्यंत झोपीन.’ तेव्हा शामकलाच्या लक्षात आलं की ज्याला ती इतकी वर्षं मिरवणं समजत होती ते खरोखरचं रडगाणं होतं. तिला थोडं वाईट वाटलं. मग लगेच वाटलं, हिला सुटल्याचा आनंद तरी आहे. मला तोही नाही.

सोमवारी जीप करून सगळे गावी गेले. तळं आभाळाएवढं झालं होतं आणि सलंगेवरून पाणी दुधासारखं फुटून खाली शेतांकडे धावत होतं. पारावर अर्धं गाव जमलेलं. दुधरामने सगळ्यांदेखत शामकलाच्या हातात नारळ आणि साडी ठेवली. म्हाताऱ्या बाया तिच्या पाया पडू लागल्या, तळं भरणारी बाई म्हणून. शामकला मागे मागे सरकत देवीला चिकटली. देवी सगळं जाणून होती आणि काही बोलत नव्हती, हे तिला फार बरं वाटलं.

न्हाव्याने आधी शुभमला घेतलं. वेणी मुळाशी कापून त्याने हातभर उचलून धरली तेव्हा बायांनी हात जोडले, कोणी तरी फोटो काढला, अनुसयाबाईंनी ती वेणी पदरात घेतली. मग हिमांशु. त्याचे केस सगळे मिळून न्हाव्याच्या एका मुठीत आले. ‘हे कोणाचे?’ मागून एका बाईने विचारलं. शामकलाचा त्या दिवशी उपास होता. तरी वेणी आणि मूठ यांच्याकडे आळीपाळीने पाहताना जे व्हायचं ते झालंच. आता तर दोघं सारखे बोडके, आणि तरीही एकाची वेणी देवीपुढे ताटात आणि दुसऱ्याचे केस पळसाच्या पानात.

शुभमने डोक्यावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग त्याने मान गदागदा हलवली, हलकी लागली म्हणून पुन्हा हलवली, आणि गावच्या पोरांबरोबर जो पळत सुटला तो थेट सलंगेच्या खाली, जिथे पाणी अंगावर उडत होतं. आजीने दोनदा हाक मारली. त्याने ऐकलं नाही. मांडीवर बसून बसून त्याचा जन्म गेला होता.

हिमांशु पारावर उकिडवा बसून मुसमुसत होता. वस्तऱ्याने दोन ठिकाणी खरचटलं होतं.

अनुसयाबाई चिंचेखाली चटईवर बसल्या होत्या. खोबरेलाची बाटली त्यांनी सवयीने आणली होती. ती त्यांनी उघडली, तेल तळहातावर घेतलं, आणि हात तसाच धरून बसून राहिल्या. मग त्यांनी समोरचं बोडकं डोकं ओढून मांडीवर घेतलं.

शामकला दहा पावलांवर उभी होती. सासूचा चष्मा जीपमध्ये राहिला होता, हे तिला माहीत होतं. दोन बोडकी डोकी, चष्म्यावाचून, कोणाला ओळखू यायची? शुभम समजूनच घेतलं असणार. सांगायला हवं होतं. उपासाच्या दिवशी, देवीच्या पारावर, दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्या पोराला मिळत असताना गप्प राहणं ही चोरी होती, हे तिला पक्कं कळत होतं. ती गप्प राहिली. श्वाससुद्धा तिने हळू घेतला. बोटं टाळूवर गोल फिरत होती आणि हिमांशुचं मुसमुसणं थांबत आलं होतं. तेवढ्यासाठी तिने आणखी सोळा सोमवार मनातल्या मनात कबूल केले.

‘हालू नको, हिमांशु,’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘टाळू कवळी आहे तुझी. तुझ्या आज्याचीबी अशीच होती. या चिंचेखालीच त्याले अस्वल भेटलं होतं. सांगतो ऐक.’

शामकलाने तोंड फिरवलं. डोळ्यांत काही गेलं होतं, वारा होता पारावर.

तोंड फिरवलं तर शेजारी डिंपल. शुभम लांब पाण्यात ओरडत होता, पण ती तिकडे पाहत नव्हती. ती चटईवरच्या मांडीकडे पाहत होती. ते पाहणं शामकलाच्या चांगल्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी ते तिने स्वतः इतकी वर्षं वापरलं होतं.

‘दीदी,’ डिंपल हळूच म्हणाली, ‘मनातल्या मनात नवस बोलायचा तर कसा बोलायचा राहते?’

सोमवार होता. पोटात साबुदाणासुद्धा नव्हता. खोटं बोलायची सोय नव्हती.

‘बोलायचं नाही राहत,’ शामकला म्हणाली. ‘मागून आठवायचं राहते.’